अकरा दिवसांची म्हातारी

मी मानेत राहिल्यानं पाववाल्यांच्या रोज चार टोचण्या वाचत होत्या. सकाळी दोन, दुपारी एक, संध्याकाळी एक. हा त्यांचा रोख फायदा. सिस्टरांचा फायदा असा की रक्त हवं असलं की टोपण उघडायचं आणि काढायचं, हातावर शीर शोधत बसायला नको. डॉक्टरांचा फायदा असा की एक काम उद्यावर टाकता येत होतं, आणि उद्यावर टाकलेलं काम कुणाला नकोसं वाटतं? माझाही फायदा होताच. मला तिथे राहायला आवडत होतं. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. जुनी म्हणजे किती? अकरा दिवसांची! हसू नका. झाड शंभर वर्षांनी म्हातारं होतं, कुत्रं बारा वर्षांनी. माणसाच्या शरीरात शिरलेली माझ्यासारखी नळी मात्र तिचं काम संपतं त्याच दिवशी म्हातारी होते, मग ती कितीही चकचकीत दिसो. मला दवाखान्यात 'सेंट्रल लाइन' म्हणतात, लाडानं नुसतं 'लाइन'. सध्या माझा मुक्काम घट्ट झाकणाच्या एका काचेच्या बाटलीत आहे. इथे कशी आले ते ऐका. सांगताना माझा ऊर अजून धडधडतो. म्हणजे मला ऊर नाही, पण अकरा दिवस मी दुसऱ्याच्या उराला टेकून होते. सवय लागते.

माझा जन्म एका अशा खोलीत झाला, जिथून धुळीला दारातूनच परत पाठवतात. तिथली माणसं डोळ्यांखेरीज काही दिसू नये अशी गुंडाळलेली. मऊ, पांढरट प्लॅस्टिकची वीतभर लांब काडी म्हणजे मी. बाहेरून एकच, पण आतून तीन वेगळ्या वाटा, आणि बाहेरच्या टोकाला तीन शेपट्या. प्रत्येक शेपटीला निराळ्या रंगाचं टोपण. तपासणीवाल्या बाईंनी मला उजेडासमोर धरलं, आत हवा सोडली, पाण्यात बुडवून बुडबुडा येतोय का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "चल, पास!" आयुष्यातली माझी पहिली आणि शेवटची परीक्षा. शाळेतल्या मुलांना इतकं सोपं नसतं म्हणे.

मग पाकीट, खोकं, प्रवास आणि शेवटी अतिदक्षता विभागातलं एक काचेचं कपाट. माझ्या एका बाजूला घशात घालायची नळी, दुसऱ्या बाजूला लघवीची नळी. आमच्या फुशारक्या विचारू नका. घशाची म्हणायची, "माझ्याशिवाय श्वास नाही." लघवीची म्हणायची, "माझ्याशिवाय गादी कोरडी नाही." मी म्हणायची, "तुम्ही बसा दारात. मी थेट हृदयाच्या उंबरठ्यावर जाते!" कपाट उघडलं की आम्ही तिघी श्वास रोखून बघायचो, कुणाचा नंबर लागतोय.

आणि एका सकाळी दणक्यात दार उघडलं.

खाट क्रमांक चारवर एक धिप्पाड गृहस्थ होते. तीन गल्ल्यांना पाव पुरवणाऱ्या भट्टीचे मालक. म्हणून सगळे त्यांना पाववाले म्हणत. न्यूमोनियाचं विष रक्तात भिनलं होतं, अंग राखेसारखं करडं पडलं होतं. घशाची आणि लघवीची, दोघींचा नंबर आधीच लागून गेला होता. आता रक्तदाब घसरत होता.

"सिस्टर, प्रेशर साठ!" छोटे डॉक्टर ओरडले. ते नुकतेच पास झालेले, पण हात स्थिर. "हातात शीर नाही मिळत. मानेतून जाऊ. दाढी आड येतेय. ते दादा कुठेत?"

न्हावीदादा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे केस कापत होते. या दवाखान्यात ते आठवड्यातून दोनदा यायचे. हातात केस कापायचं छोटं मशीन घेऊन ते धावत आले.

"फक्त उजवी बाजू मोकळी करा. पटकन!"

"अर्धीच दाढी? शुद्धीवर आल्यावर हे मला शिव्या घालतील हो."

"आधी शुद्धीवर येऊ तर द्या!" सिस्टर म्हणाल्या.

घर्रर्र! उजवा गाल आणि मान दोन मिनिटांत साफ. डावीकडे दाढी तशीच. मग औषधाने कातडी पुसली, अंगावर मोठी निळी चादर आली, माझं पाकीट फाटलं आणि मी आत शिरले! मित्रांनो, काय सांगू! एका क्षणी मी थंड हवेत होते, पुढच्या क्षणी वाहत्या, उबदार नदीत. नदी मला पुढे ओढत होती आणि समोर हृदय! धाड धाड धाड धाड! मिनिटाला एकशे चाळीस! छोट्या डॉक्टरांनी मला कातडीशी दोन टाक्यांनी बांधलं, वर पारदर्शक पट्टी चिकटवली आणि पट्टीवर तारखेची चिठ्ठी लावली. माझ्या पहिल्या वाटेतून रक्तदाब चढवणारं औषध निघालं. हातातल्या बारीक शिरांना न पेलणारं ते जालीम औषध मी हसत हसत नेलं. साठ. पासष्ट. अठ्ठ्याहत्तर. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. नव्वद!

"लाइनने वाचवलं बघा," छोटे डॉक्टर म्हणाले. दारात उभ्या असलेल्या पाववाल्यांच्या लेकीनं माझ्याकडे बघून हात जोडले. माझ्याकडे! त्या दिवशी मी जी फुगले, ती खरं सांगायचं तर सातव्या दिवसापर्यंत उतरलेच नाही.

पहिले तीन दिवस मी राबले. तिन्ही वाटा अखंड चालू. आमच्या खाटेला होत्या त्या सिस्टर मोठ्या कडक. माझं टोपण उघडण्याआधी त्या स्पिरिटचा बोळा घेऊन ते घासायच्या आणि मोठ्यानं मोजायच्या. एक, दोन, तीन, चार, पार पंधरापर्यंत.

छोटे डॉक्टर चिडवायचे, "सिस्टर, पाढे म्हणताय की काय?"

"पाढे चुकले ना डॉक्टर, की गुणाकार जंतूंचा होतो."

मला तेव्हा ती घासाघीस म्हणजे निव्वळ छळ वाटायचा.

चौथ्या दिवशी रक्तदाबाचं औषध बंद झालं. पाववाल्यांचं हृदय आपल्या पायावर उभं राहिलं. पाचव्या दिवशी सिस्टरांनी लघवीची नळी काढायला लावली. कुणीतरी कुरकुरलं, की राहू दे, गादी तरी कोरडी राहते. सिस्टर म्हणाल्या, "गादी मी बदलीन दहादा. नळीवाटे जंतू वर चढले तर काय बदलणार आहात?" गेली बिचारी. सहाव्या दिवशी घशाची नळी निघाली तेव्हा तर सोहळाच. पाववाले खोकले, खाकरले आणि बसक्या आवाजात पहिलं वाक्य बोलले, "भट्टी… बंद केलीस ना नीट?"

लेक हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "केली हो बाबा. तुम्ही मरायला टेकला होतात आणि भट्टी काय विचारताय!"

"ती उघडी राहिली तर घर मरायला टेकेल."

मग त्यांनी गालावरून हात फिरवला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. "हा कुठल्या गाढवाचा उद्योग?"

सगळा विभाग हसला. मीही हसले. माझ्या दोन्ही मैत्रिणी गेल्या होत्या. मी मात्र राहिले होते, आणि त्याचा मला गर्व होता. गरज सरो आणि वैद्य मरो, म्हणतात ना? इथे गरज सरली होती आणि वैद्य गळ्यात पडून होता.

सातव्या दिवशी माझी पाळी आली. छोटे डॉक्टर म्हणाले, "काका, आता ही मानेतली काढून हातात साधी सुई लावू."

पाववाल्यांचा चेहरा पडला. "हातात? नको हो."

"भट्टीत हात घालता आणि सुईला घाबरता?" सिस्टर म्हणाल्या.

"भट्टी ओळखीची आहे. सुई दर वेळी नवीन."

सिस्टरांनी दोन्ही हात तपासले. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, आणि शिरा अशा दडलेल्या, जसं पिठात सांडलेलं मीठ. एकदा टोचलं, गेलं फुकट. दुसऱ्यांदा टोचलं, तेही फुकट. पाववाल्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "आहे ना चांगली मानेतली? दुखत नाही, खुपत नाही. राहू दे ना, सिस्टरताई."

सिस्टरांनी छोट्या डॉक्टरांकडे पाहिलं. छोट्या डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं. उद्या बघू."

मित्रांनो, 'उद्या बघू' हे दोन शब्द मी नीट लक्षात ठेवले आहेत. त्यात कुणाचं वाईट करायचा हेतू नव्हता, उलट दया होती. त्या दिवशी सगळ्यांचा फायदा झाला आणि कुणाचंच काही गेलं नाही. निदान तसं दिसलं तरी.

आठव्या दिवशी छोट्या डॉक्टरांची पाळी दुसऱ्या विभागात लागली. त्याच दिवशी सिस्टर तीन दिवसांच्या रजेवर गेल्या. म्हणजे मी कधी आले हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते दोघेही गेले. नवे आले ते चांगलेच होते, पण घाईत. माझं टोपण घासताना ते पंधरापर्यंत मोजत नव्हते. एक, दोन, झालं!

आणि दाढी वाढत होती. साधी गोष्ट, पण फार मोठी. वाढणाऱ्या खुंटांनी माझ्यावरची पारदर्शक पट्टी खालून उचलायला सुरुवात केली. नवव्या दिवशी पट्टीचा कोपरा सुटला. बदली सिस्टरांनी लगेच जुनी पट्टी काढली, जागा पुसली, नवी पट्टी लावली आणि तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहून चिठ्ठी चिकटवली. त्यांचं चुकलं का? अजिबात नाही. ती तारीख पट्टीची होती आणि ती लिहायचीच असते. पण जुनी चिठ्ठी जुन्या पट्टीबरोबर कचऱ्यात गेली, आणि मी कधी आले हे सांगणारा कागद आता खाटेच्या पायथ्याशी असलेल्या जाड फायलीत, तळाशी, पहिल्या पानावर होता.

दहाव्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीवर आले. माणूस हुशार, नजर करडी. प्रत्येक नळीपाशी थांबून एकच प्रश्न विचारायचे, "किती दिवस?" उत्तर नऊच्या वर गेलं की कपाळाला आठ्या. माझ्यापाशी वाकले, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "कालचीच. मग राहू दे."

आणि इथे पाववाल्यांनी तोंड उघडलं. मी मानेत होते, मला कळलं. गळ्याचे स्नायू हलले, शब्द वर आला. त्यांना माहीत होतं, की मी कालची नाही. मग त्यांच्या नजरेसमोर सुई आली असावी. शब्द परत खाली गेला. पाववाले गप्प बसले आणि त्यांनी मनातल्या मनात चार टोचण्या जमेला धरल्या.

मीही सुटकेचा निःश्वास टाकला. दहा दिवसांची म्हातारी एका चिठ्ठीनं एक दिवसाची नवरी झाली होती! कुणाला आवडणार नाही?

पण आत काय चाललं होतं ते मला एकटीलाच ठाऊक होतं. माझ्या आतल्या भिंतीवर काहीतरी धरलं होतं. आधी एक बुळबुळीत ठिपका, मग दुधावर येते तशी साय. त्या सायीखाली जंतूंनी बिऱ्हाड थाटलं होतं. टोपणावरून आले होते की सुटलेल्या पट्टीखालून, कोण जाणे. औषध त्यांच्या डोक्यावरून वाहून जायचं, जसं पन्हाळीतल्या शेवाळावरून पाणी. ते वाढत होते, आणि मी ज्या नदीची इतकी बढाई मारत होते तिच्यातच एकेक सोडून देत होते. मी थरथरले. ओरडावंसं वाटलं. पण नळीला तीन तोंडं असून बोलायला एकही नाही!

अकराव्या दिवशी सकाळी पाववाल्यांना थंडी वाजली. थंडी कसली, खाट खडखडली! दात दातांवर आपटत होते. ताप एकशे चार. ज्या हृदयाची मला इतकी ओळख होती, ते पुन्हा एकशे चाळीसवर. सिस्टर त्याच दिवशी रजेवरून आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, तारीख दोन दिवसांपूर्वीची, आणि त्यांना वाटलं, आपण नसताना जुनी काढून नवी घातली असेल. मोठे डॉक्टर आले. "लाइन नवी आहे, तिचं नसणार. छातीचा फोटो काढा. लघवी तपासा. न्यूमोनिया उलटला असेल." झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. छातीचा फोटो झाला, लघवी तपासायला गेली, नवं औषध सुरू झालं. आणि ते नवं औषध कुणाच्या वाटेनं आत गेलं? माझ्याच! प्रत्येक थेंबाबरोबर मी नवे जंतू पाठवत होते. रक्तदाब शंभरवरून नव्वदवर आला, नव्वदवरून ब्याऐंशीवर.

बाहेर लेक डॉक्टरांना विचारत होती, "काल तर गप्पा मारत होते हो! सहाव्या दिवसापासून चांगले होते. आज काय झालं?" पाववाले आता जगणार की जाणार, हे पुढच्या काही तासांवर होतं, आणि ते तास भलत्या ठिकाणी शोधण्यात चालले होते.

दुपारी पट्टीचा कोपरा पुन्हा सुटला. सिस्टर वैतागल्या. "या दाढीवर काही चिकटतच नाही. दादांना बोलवा."

न्हावीदादा आले. वाकून त्यांनी बघितलं, मशीन सुरू केलं, आणि बंद केलं. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. उजव्या गालाचे केस चिमटीत धरून पाहिले. मग चिठ्ठी वाचली.

"सिस्टर, ही नळी कधी घातली म्हणालात?"

"परवा. लिहिलंय की त्यावर."

"कुणी घातली?"

"मी रजेवर होते. का?"

"परवा इथे नळी घातली असती, तर परवा इथे केस कापले असते. ही दोन दिवसांची दाढी नाही. दहा-अकरा दिवसांची आहे. आणि हे बघा, कानापाशी वाकडी रेघ. त्या दिवशी तुम्ही घाई केलीत म्हणून माझा हात हलला होता. ही कापणी माझ्याच हातची आहे. चिठ्ठीवर काय वाट्टेल ते लिहा हो, दाढी काही मागे जात नाही."

सिस्टरांनी ते केस स्वतः चिमटीत धरून पाहिले. मग खाली वाकल्या. "काका. काका, ऐकू येतंय? मी नसताना मानेत नवी नळी घातली का?"

पाववाल्यांनी मान हलवली. नाही.

"ही तीच?"

हो.

"मग बोलला का नाहीत?"

कापऱ्या ओठांतून एकच शब्द आला. "सुई."

पुढची दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही! सिस्टर फायलीवर तुटून पडल्या. पानं मागे, मागे, अजून मागे, शेवटी पहिलं पान. "अकरा दिवस!" त्यांनी फोन उचलला. "सर, लाइन अकरा दिवसांची आहे. चिठ्ठी पट्टीची होती, लाइनची नव्हे." मोठे डॉक्टर धावत आले. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. "आधी रक्त. एक लाइनमधून, एक हातातून, दोन्ही एकाच वेळी. हातात सुई लागलीच पाहिजे."

सिस्टरांनी गरम पाण्यात टॉवेल बुडवून पाववाल्यांच्या हाताला गुंडाळला. थांबल्या. टॉवेल काढला. त्या भाजक्या डागांच्या मधोमध एक निळसर रेघ वर आली होती. "काका, तिकडे बघू नका. भट्टीतून पाव काढताना मोजता तसं मोजा."

"एक," पाववाले म्हणाले. "दोन…"

"झालं."

"झालं? एवढंच?"

"एवढंच. आणि एवढ्यासाठी चार दिवस टाळलंत!"

दुसरी सुई दुसऱ्या हातात. औषधाची वाट बदलली. मग टाके कापले गेले. "श्वास आत घ्या, धरा, धरून ठेवा…" आणि मी सर्रकन बाहेर! उबदार नदी गेली, धडधड गेली. सिस्टर माझ्या जागेवर बोटं दाबून उभ्या राहिल्या आणि मोठे डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "मी रोज विचारत होतो, किती दिवस. ही अजून लागते का, हे एकदाही विचारलं नाही. लागत तर चौथ्या दिवसापासूनच नव्हती."

स्वच्छ कात्रीनं माझं टोक कापून डबीत घातलं आणि मी खाली प्रयोगशाळेत आले. तिथल्या ताईंनी मला एका थाळीवर इकडून तिकडे लाटल्यासारखं फिरवलं. दुसऱ्या दिवशी थाळी उघडून त्या शिट्टी वाजवल्यासारख्या म्हणाल्या, "अबब!" जंतूंचे पंधरा ठिपके दिसले तरी त्या भुवया उंचावतात. माझे शंभराच्या वर होते, मोजता येईनात. पाववाल्यांच्या रक्तातही तेच जंतू निघाले. कोणत्या औषधाला ते मरतात हेही कळलं. चोर सापडला, चोर मी होते.

तिसऱ्या दिवशी सिस्टर नमुने घेऊन खाली आल्या तेव्हा मी कान टवकारले. "ताप उतरला," त्या ताईंना म्हणाल्या. "प्रेशर एकशे दहा, कशाच्याही आधाराशिवाय. आज पहाटे त्यांनी आम्हाला पीठ कसं मळायचं यावर व्याख्यान दिलं." मित्रांनो, मी टोकापासून टोकापर्यंत शहारले! म्हणजे आता उरलेल्या टोकापासून टोकापर्यंत. बोटभरच उरले होते.

मला कचऱ्याच्या लाल पिशवीतच जायचं होतं. पण सिस्टरांनी ताईंकडे मला मागून घेतलं. जंतू मारून, औषधी पाण्यात बुडवून मला या बाटलीत बंद केलं. आता दर महिन्याला नव्या सिस्टर आणि नवे डॉक्टर शिकायला येतात तेव्हा मला टेबलावर ठेवतात. दवाखाना बघायला येणाऱ्या शाळेच्या मुलांनाही दाखवतात. म्हणून तर तुमच्याशी बोलता येतंय. बाटलीत मी अशी किती दिवस राहीन याला हद्द नाही. इथे मी कुणाचं काही बिघडवत नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या घरचं कुणी खाटेवर असेल आणि त्याच्या मानेत, हातात, घशात, कुठेही नळी असेल, तर रोज सकाळी विचारा, "ही आज लागते का?" आदरानं विचारा, पण विचारा. सुईची भीती वाटत असेल तर तीही सांगा. भीती सांगितली तर गरम टॉवेल मिळतो. गिळली तर काय मिळतं ते मी पाहिलं आहे. आणि नळी लावणाऱ्या मोठ्या माणसांना सांगते, आम्हाला जपणं म्हणजे लागू तोवर स्वच्छ ठेवणं, आणि लागेनाशा झालो की त्याच दिवशी निरोप देणं. आमच्या जातीला त्याचं वाईट वाटत नाही. वाटलं तरी ऐकू नका!

परवाच्या वर्गात सिस्टरांनी मला हातात धरून विचारलं, "सांगा, किंमत कुणी मोजली?"

"पेशंटनं," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"हो. सोळा दिवस जास्त राहिले. त्यातले दोन असे, की सकाळी होते आणि संध्याकाळी असतील की नाही, सांगता येत नव्हतं. टोचण्या साठ झाल्या, मग मी मोजायच्या सोडल्या. अजून?"

"त्यांच्या लेकीनं."

"हो. ती सोळा दिवस त्या दारात उभी होती. भट्टी बंद, तीन गल्ल्या पावावाचून. अजून?"

मला वाटलं, संपली यादी.

"अकराव्या दिवशी पाववाले खालच्या वॉर्डात जायचे होते," सिस्टर म्हणाल्या. "खाट चार मोकळी होणार होती. त्या दुपारी खाली एका बाईंना आणलं होतं. श्वास लागलेला, बरोबर भाऊ. तीन तास त्या खाटेसाठी थांबल्या. खाट मिळाली नाही. मग त्यांना दुसरीकडे नेलं."

"पुढे त्यांचं काय झालं?" त्या मुलीनं विचारलं.

सिस्टरांनी मला टेबलावर ठेवलं. "माहीत नाही. मी नंतर चौकशी केली, पण कुठे नेलं हेच कुणी लिहून ठेवलं नव्हतं."

पाववाल्यांनी सोळा दिवस मोजले, लेकीनंही सोळा. सिस्टरांची एक झोप गेली, मोठ्या डॉक्टरांचा थोडा तोरा. माझं काही गेलं नाही. आणि त्या बाईंनी किती मोजलं, ते त्यांच्या भावाला माहीत असेल.